तीन पायऱ्या आणि बहात्तर तास

आमच्या तारकर्लीत कोणाच्या पोटात दुखू लागले की पहिले निदान शेजारीपाजारी करतात, आणि ते बहुधा एकच असते: पित्त. जागरण झाले, पित्त. उपासाला साबुदाणा जास्त झाला, पित्त. पाहुण्यांची ताटे वाढता वाढता घरधनीण स्वतः दुपारपर्यंत उपाशी राहिली, पित्तच. त्यावर कोकमाचे पाणी, सोडा, नाहीतर औषधांच्या दुकानातून आणलेली गोळी. पुष्कळदा एवढ्यावर भागतेही, त्यामुळे या निदानाची घरोघरी पत चांगली आहे. पण उजव्या बरगडीखाली उठणारी, पाठीकडे आणि खांद्याच्या पात्याकडे जाणारी, तासन्‌तास न ओसरणारी कळ निराळी. ती पित्ताशयाची असू शकते. नावात फरक थोडा, पण तो लक्षात येईपर्यंत दोन-तीन दिवस निघून जातात, आणि या दुखण्यात तेच दिवस सर्वांत महाग असतात.

मी डॉक्टर नव्हे. पस्तीसेक वर्षे बँकेत काढली आणि रात्री कादंबऱ्या लिहिल्या, एवढीच माझी कमाई. पण बँकेतल्या माणसाला कागद वाचता येतो, अशी गावात एक समजूत असते. म्हणून इस्पितळाचे कागद घेऊन लोक माझ्या पडवीत येतात. अलीकडे त्या कागदांवर एक शब्द वारंवार दिसू लागला आहे: ‘ग्रेड’. ग्रेड एक, ग्रेड दोन, ग्रेड तीन. कागद आणणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो, ‘भाऊ, ह्या म्हणजे वाचतलो काय नाय?’ प्रश्न साधा, पण उत्तर तितके साधे नाही. ही श्रेणी नेमके काय सांगते, काय सांगत नाही, आणि आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या जिल्ह्यात तिचा उपयोग कसा व्हायला हवा, याचा विचार प्रत्येक घराने करावा असे मला वाटते.

आधी शरीरातली जागा समजून घेऊ. यकृताच्या खालच्या अंगाला नासपतीच्या आकाराची एक लहान पिशवी लटकलेली असते, ते पित्ताशय. यकृतात तयार झालेले पित्त तिथे साठते आणि तेलतुपाचे जेवण झाले की आतड्यात उतरते. या पिशवीत खडे होतात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. बहुतेकांचे खडे जन्मभर मुके राहतात. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि खडे दिसले, त्रास मात्र काही नाही, अशा बहुतेक माणसांना शस्त्रक्रियेची गरज नसते. पण एखादा खडा पिशवीच्या तोंडाशी अडकला की पिशवी सुजते, तिला जंतूंची बाधा होते. हाच पित्ताशयाचा तीव्र दाह.

या दाहाची प्रतवारी करण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते ती टोकिओच्या नावाने ओळखली जाते. जपानी शल्यवैद्यांच्या पुढाकाराने २००७ साली ती तयार झाली, २०१३ आणि २०१८ मध्ये सुधारली गेली. तिच्या पायऱ्या तीन. तिसरी पायरी सर्वांत गंभीर: रक्तदाब औषधांच्या आधारावर टिकवावा लागतो, शुद्ध हरपू लागते, श्वास, मूत्रपिंड, यकृत किंवा रक्त गोठण्याची क्रिया यांपैकी काहीतरी ढासळते. दुसऱ्या पायरीवर हे अवयव शाबूत असतात, पण रक्तातील पांढऱ्या पेशी १८ हजारांच्या वर गेलेल्या असतात, किंवा उजव्या बरगडीखाली दुखरा गोळा हाताला लागतो, किंवा पित्ताशय सडू लागल्याच्या, भोवती पू झाल्याच्या खुणा दिसतात, किंवा दुखणे सुरू होऊन ७२ तास उलटलेले असतात. यातले काहीच नसेल तर पहिली पायरी.

यातली शेवटची अट पुन्हा वाचावी. बाकीच्या खुणा प्रयोगशाळेत किंवा यंत्रावर दिसतात. बहात्तर तास मात्र घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात मोजता येतात. म्हणजे, केवळ वाट पाहिल्यानेही माणूस पहिल्या पायरीवरून दुसरीवर जातो.

आमच्या शेजारच्या एका घरात हे गेल्या डिसेंबरात घडले. पर्यटकांचा हंगाम, तिन्ही खोल्या भरलेल्या, पहाटे पाचपासून घावणे आणि रात्री अकरापर्यंत माशांची ताटे. घरची काकी पन्नाशी ओलांडलेली, मधुमेही. पहिल्या रात्री दुखले तेव्हा म्हणाली, ‘पित्त उसाळला असतला. कोकमाचा पाणी घेतलंय, बरा वाटतला.’ दुसऱ्या दिवशी ओकाऱ्या झाल्या, तरी पाहुणे गेल्यावर बघू असे ठरले. चौथ्या दिवशी ताप चढला तेव्हा गाडी काढली. डॉक्टरांनी औषधे देऊन दाह आवरला आणि शस्त्रक्रिया दीड महिना पुढे ढकलली. तोपर्यंत सगळे एकमेकांना चिकटून घट्ट झालेले होते. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पुरी करावी लागली. काकी बरी आहे, पण दोनदा इस्पितळ झाले आणि निम्मा हंगाम गेला. यात चुकले कोण? खरे तर कोणीच नाही. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचाच निर्णय घेतला होता. फक्त घड्याळ कोणाच्या हिशेबात नव्हते.

लवकर शस्त्रक्रिया करावी की दाह ओसरू द्यावा, हा वाद शल्यवैद्यांमध्ये बरीच वर्षे चालला. जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीने २०१३ साली त्यावर स्पष्ट प्रकाश टाकला. सहाशेवर रुग्णांपैकी निम्म्यांची शस्त्रक्रिया भरती झाल्यापासून २४ तासांच्या आत केली, बाकीच्यांची काही आठवड्यांनी. लवकर झालेल्यांपैकी सुमारे १२ टक्के लोकांना गुंतागुंत झाली, थांबलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. इस्पितळातले दिवसही निम्म्याने कमी भरले. म्हणजे ‘जरा सूज उतरू दे, मग बघू’ हा आपल्याला सावध वाटणारा सल्ला नेहमीच सावध असतो असे नाही.

आता मूळ प्रश्न. श्रेणी भविष्य सांगते का? जपान आणि तैवानमधील पाच हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पहिल्या श्रेणीत १.१ टक्के, दुसरीत ०.८ आणि तिसरीत ५.४ टक्के आढळले. हे आकडे दोनदा वाचण्यासारखे आहेत. तिसरी पायरी खरोखरच वेगळी आहे. पण पहिल्या दोन पायऱ्यांत मृत्यूच्या दृष्टीने फरक जवळजवळ नाही. आणि तिसऱ्या पायरीवरही शंभरांतले चौऱ्याण्णव-पंचाण्णव जण महिन्यानंतर हयात होते. तेव्हा ‘वाचतलो काय नाय’ या प्रश्नाला श्रेणीचे उत्तर असे: बहुतेक वाचतील, पण तिसऱ्या पायरीवर मोठ्या इस्पितळाशिवाय राहू नका. श्रेणी समूहाचा अंदाज देते. तुमच्या माणसाची कुंडली ती मांडत नाही.

दुसऱ्या एका जातीची प्रतवारीही असते. रोगी किती आजारी आहे हे टोकिओची पद्धत सांगते, तर शस्त्रक्रिया किती अवघड जाईल हे वेगळ्या मोजपट्टीने मोजतात. यातली एक आपल्याच देशातली आहे. रंधावा आणि पुजाहारी या शल्यवैद्यांनी २००९ साली पंधरा गुणांचा एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. वय पन्नाशीपुढे, एक गुण. पुरुष, एक गुण. लठ्ठपणा, पोटावरचा जुना व्रण, पित्ताशयाची जाड झालेली भिंत, अडकलेला खडा, यांचे एक-दोन गुण. आणि याच दुखण्यासाठी पूर्वी इस्पितळात राहावे लागले असेल तर एकदम चार. पाचपर्यंत सोपी, दहापर्यंत अवघड, त्यापुढे फार अवघड. त्यांच्या रुग्णांत हा अंदाज दहापैकी साधारण नऊ वेळा खरा ठरला. लक्षात घ्या, यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. नीट विचारपूस, हाताने केलेली तपासणी आणि एक सोनोग्राफी पुरते. तालुक्याच्या गावी हे सगळे होऊ शकते. आणि सर्वांत जास्त गुण कशाला, तर आधीच्या भरतीला. शेजारच्या काकीच्या कागदावर ते चार गुण पडलेच असते.

तिसरी प्रतवारी दुर्बीण आत गेल्यावर होते. नासर यांची श्रेणी आणि अमेरिकेतील डॅलसच्या पार्कलँड इस्पितळाची २०१८ सालची श्रेणी या त्या जातीच्या. पित्ताशय मोकळे, निळसर दिसते की चरबीत, आतड्यात गुरफटलेले, सडलेले, त्यावरून अंक द्यायचा. ब्रिटन आणि आयर्लंडमधील १६६ इस्पितळांतून २०१४ साली जमवलेल्या आठ हजारांवर शस्त्रक्रियांच्या नोंदींवर नासर यांची श्रेणी ताडून पाहिली गेली. अंक चढत जाईल तशी पोट उघडण्याची वेळ, गुंतागुंत आणि इस्पितळातला मुक्काम वाढत जातो, असे दिसले. रुग्णासाठी हा अंक उशिरा येतो हे खरे, तोवर तो टेबलावर असतो. पण शल्यवैद्याला तो वेळीच थांबायला सांगतो. पित्तनलिकेला इजा होण्याचा धोका हजारांत तीन ते पाच एवढाच असतो, पण झाली तर ती माणसाला वर्षानुवर्षे पुरते. अशा वेळी पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे किंवा सरळ पोट उघडणे यात पराभव नाही, शहाणपण आहे. काकीच्या घरी ‘दुर्बिणीने जमले नाही’ अशी कुजबुज झाली होती. जमले नाही असे नव्हे. पुढे रेटण्यात धोका आहे हे डॉक्टरांनी ओळखले.

ही शस्त्रक्रिया तशी जुनी. बर्लिनमध्ये लांगेनबुख यांनी १८८२ साली पित्ताशय पहिल्यांदा काढले. दुर्बिणीने ते काढण्याचा पहिला मान जर्मनीच्याच म्यूहे यांचा, १९८५ सालचा. आपल्याकडे डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० साली ती करून दाखवली. म्हणजे ही सुविधा देशात पहिल्यांदा आली ती एका सरकारी इस्पितळात, सामान्य माणसासाठी. त्यानंतरच्या पस्तीस वर्षांत ती तालुक्यापर्यंत पोचली. प्रश्न तंत्राचा उरलेला नाही. कोणता रोगी, किती वेळात, कोणाच्या हाती, हा प्रश्न उरला आहे, आणि प्रतवारी आहे ती त्यासाठी.

इथे मला माझा जुना धंदा आठवतो. रिझर्व्ह बँकेने १९८५ साली कर्जखात्यांना आरोग्याचे अंक द्यायला लावले. शब्दसुद्धा आरोग्याचाच होता, ‘हेल्थ कोड’. अंक एक ते आठ. कल्पना उत्तम, पण अंक देणारा आणि कर्ज देणारा साहेब एकच असे, आणि त्यात त्याच्या मताला वाव पुष्कळ. मग नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर नियम बदलले. हप्ता किती दिवस थकला, एवढे मोजा आणि खाते कुठल्या रकान्यात जाते ते ठरवा. साहेबाचे मत बाजूला, कॅलेंडर पुढे. हिशेब स्वच्छ झाले. पण दुसरीही एक गोष्ट घडताना मी पाहिली. आपल्या शाखेचे रकाने वाईट दिसू नयेत म्हणून काही साहेबांनी जोखमीच्या माणसाला दारातच उभे करणे सोडले. होडीसाठी कर्ज मागणारा रापणकर हा त्यातलाच एक. त्याचे खाते वाईट नव्हते, कारण त्याला खातेच मिळाले नाही.

वैद्यकात हा धोका काल्पनिक नाही. न्यूयॉर्क राज्याने १९९० च्या सुमारास हृदयशस्त्रक्रियांचे निकाल इस्पितळवार जाहीर करायला सुरुवात केली, पुढे ते शल्यवैद्यांच्या नावानिशी आले. रोग्याच्या गंभीरतेचा हिशेब त्यात धरलेला होता. तरीही, आपला निकाल बिघडेल या भीतीने डॉक्टर अवघड रोगी टाळतात का, यावर तिथे पुढे अनेक वर्षे वाद झाला. प्रतवारीचे हत्यार दुधारी असते. ‘ग्रेड तीन आहे, म्हणून लगेच मोठ्या ठिकाणी न्या, मी आत्ता फोन करतो’ हा तिचा सदुपयोग. ‘ग्रेड तीन आहे, आमच्याकडे नको’ एवढेच म्हणून दार लावणे हा दुरुपयोग. शब्द जवळजवळ तेच, फरक फक्त त्या एका फोनचा.

शिवाय वरची श्रेणी म्हणजे शस्त्रक्रिया नको, असेही समीकरण नाही. नेदरलँड्समधील एका चाचणीत जोखमीच्या रुग्णांपैकी काहींचे पित्ताशय दुर्बिणीने काढले, काहींच्या पित्ताशयात बाहेरून नळी घालून नुसता निचरा केला. अत्यवस्थ रुग्ण त्यात नव्हते. नळी सौम्य, म्हणून सुरक्षित, असा सर्वांचा कयास. २०१८ साली निकाल आला तो उलटा. मोठी गुंतागुंत शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के, नळीच्या गटात ६५. फरक इतका होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. टोकिओच्या तज्ज्ञांनीही २०१८ च्या सुधारणेत तिसऱ्या पायरीवरच्या निवडक रुग्णांना, अनुभवी केंद्रात, शस्त्रक्रियेची वाट मोकळी केली. भूलतज्ज्ञ आजही रोग्याला जो अंक देतात त्याची मांडणी अमेरिकेत १९४१ साली झाली. ती करणाऱ्यांनी तेव्हाच बजावले होते की हा अंक रोग्याच्या प्रकृतीचा आहे, शस्त्रक्रियेच्या धोक्याचा नव्हे. धोका शस्त्रक्रिया कोणती, करणारे कोण, सोयी काय, यावरही असतो.

हे सगळे सिंधुदुर्गाच्या नकाशावर मांडून पाहा. तारकर्लीहून मालवण सहा-सात किलोमीटर. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. जिल्हा रुग्णालय ओरोसला, आणि गेल्या काही वर्षांत तिथेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. त्याहून मोठे काही लागले तर आपली वाट पिढ्यान्‌पिढ्या गोव्याची, बांबोळीची, शंभरावर किलोमीटरची. नाहीतर घाट चढून कोल्हापूर. २०१८ साली गोवा सरकारने बाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर बसले, ते उगाच नव्हे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय सरकारने २०२३ साली घेतला. इमारती, गाड्या आणि कार्ड, तिन्हींत काही ना काही झाले आहे, आणि ते मान्य करायला हवे.

पण कार्ड पैसे देते, वेळ देत नाही. बहात्तर तासांतले पहिले चोवीस घरात कोकमाच्या पाण्यावर गेले, पुढचे चोवीस ‘उद्या सोनोग्राफीवाले येतील’ यात गेले आणि शेवटचे एका दारातून दुसऱ्या दारात, की मग ओरोसचा किंवा बांबोळीचा डॉक्टर कितीही कुशल असो, त्याच्या हाती येतो तो घट्ट झालेला मामला. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की प्रतवारी शेवटच्या दारात करून उपयोग नाही. ती पहिल्या दारात झाली पाहिजे. ग्रामीण रुग्णालयातल्या चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहिल्या जाव्यात: दुखणे कधी सुरू झाले त्याची तारीख आणि वेळ, आज कुठली श्रेणी, आणि पुढे कोणाशी बोलणे झाले. यासाठी नवी इमारत नको, नवा निधी नको. एक छापील कागद आणि एक फोन.

दुसरी गोष्ट, निकाल लिहून ठेवणे. जिल्ह्यात वर्षाला किती पित्ताशये निघाली, त्यांतली किती पहिल्या पायरीवर, किती तिसऱ्या, पोट किती उघडावे लागले, दुसऱ्यांदा भरती किती, हा ताळेबंद वर्षाखेरीस जिल्ह्याला मिळाला पाहिजे, श्रेणीसकट. श्रेणीशिवायचा आकडा अन्याय करतो. अवघड रोगी घेणारे सरकारी इस्पितळ त्यात वाईट दिसते आणि सोपे निवडून घेणारे चांगले. ताळेबंदात एकूण रक्कम लिहून रकाने न दाखवणाऱ्या शाखेला आम्ही सही देत नसू. इस्पितळांनाही तोच नियम असावा.

आणि घरच्यांनी काय करावे? डॉक्टरांसमोर बसल्यावर चार प्रश्न विचारावेत, अदबीने पण विचारावेतच. श्रेणी कुठली आहे? शस्त्रक्रिया याच भरतीत होईल का, नसेल तर का नाही? ती इथेच करणे बरे की पुढे नेणे, आणि न्यायचे तर आत्ताच का नको? दुर्बिणीने नाही जमले तर पुढची योजना काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उलट, नातेवाईक शुद्धीवर आहेत हे पाहून त्याला हायसे वाटते.

ज्यांना खड्यांच्या कळा पुन्हा पुन्हा येऊन गेल्या आहेत आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली आहे, त्यांनी तर दाहाची वाटच पाहू नये. शांत पित्ताशयाची ठरवून केलेली शस्त्रक्रिया सर्वांत सोपी. आमच्या किनाऱ्याला त्यासाठी निसर्गाने आणि सरकारने मिळून मुहूर्तही दिलेला आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या झावळ्यांखाली, पर्यटक गेलेले, खोल्या रिकाम्या. त्या दिवसांत आपण कौले शाकारतो, जाळी विणतो, इंजिने उघडून साफ करतो. घरातल्या बाईच्या बरगडीखालची कळही त्याच यादीत लिहावी, आणि मृगाच्या आधी डॉक्टरांकडून तारीख घेऊन ठेवावी.